लोक हसतात म्हणून निवडणुकीला उभं राहावं का?

प्रश्न विचारणारे गृहस्थ मूळचे गोव्यातल्या पेडणे तालुक्यातले, गेली १४ वर्षं मस्कतला नोकरीला आहेत. दर रविवारी ते गावच्या आठवणींवर, माणसांवर, कधी पंचायतीच्या कारभारावर मराठीत एक विनोदी लेख लिहितात. तो लेख गावकऱ्यांच्या आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटांतून फिरतो. सुरुवातीला भरभरून दाद यायची, आता ती ओसरली आहे आणि वाचतं कोण हेच कळेनासं झालंय, असं ते म्हणतात. गंमत म्हणजे याच काळात गावातले चारजण त्यांच्या मागे लागलेत, की पुढच्या पंचायत निवडणुकीला उभा राहा. युक्रेनमध्ये विनोदी नट राष्ट्राध्यक्ष झाला, पंजाबात विनोदवीर मुख्यमंत्री झाला, मग तू पंच, म्हणजे पंचायतीचा सदस्य, व्हायला काय हरकत? तर उभं राहावं का, हा प्रश्न.

मी ही दोन्ही कामं केली आहेत म्हणून उत्तर लिहायला बसलो. पेडण्यात माझा छापखाना होता. लग्नपत्रिका, नाटकांची हस्तपत्रकं आणि निवडणुका आल्या की सगळ्या बाजूंच्या उमेदवारांची पत्रकं छापायचो. ३५ वर्षं जत्रेच्या नाटकांतून विनोदी भूमिका केल्या, गावच्या मंडळासाठी प्रहसनं लिहिली. २००२ मध्ये पंचायतीची निवडणूक हरलो, २००७ मध्ये निवडून आलो, पाच वर्षं पंच होतो. २०१२ मध्ये पुन्हा उभा राहिलो नाही.

तुम्ही वाचकांचा प्रश्न आणि निवडणुकीचा प्रश्न वेगवेगळे मांडलेत. मला ते एकाच घरातले वाटतात. आपलं ऐकणारी माणसं नेमकी कोण आहेत, आणि आपल्याला हसून दाद देण्यापलीकडे ती आपल्यासाठी काय करतील, हे तुम्हाला जाणून घ्यायचं आहे. त्याचं उत्तर मिळालं की उभं राहायचं की नाही हे बरंचसं आपोआप ठरेल.

आधी परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी सांगून टाकतो, कारण त्या अडल्या तर पुढचं सगळं फुकट. तुमच्या हातात पासपोर्ट कोणता आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. आपल्याकडे हा प्रश्न विचारावाच लागतो. पोर्तुगीज नागरिकत्व घेतलं असेल तर १९५५ च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे भारतीय नागरिकत्व संपलं. ओसीआय कार्डावर (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळच्या भारतीयांना मिळतं ते) गावात राहता येईल, पण मतदानही करता येणार नाही आणि उभंही राहता येणार नाही. फक्त लिस्बनला जन्मनोंद केली असेल आणि पुढे काही केलं नसेल, तर चांगल्या वकिलाला कागद दाखवा, ऐकीव माहितीवर जाऊ नका. भारतीय पासपोर्ट असेल तर परदेशात राहणाऱ्यालाही गावच्या मतदारयादीत नाव ठेवता येतं, मात्र मत द्यायला स्वतः बूथवर हजर व्हावं लागतं. दुसरी गोष्ट प्रभागाच्या आरक्षणाची. तुमचा प्रभाग महिलांसाठी किंवा ओबीसींसाठी राखीव झाला तर सगळी तयारी तिथेच थांबते, आणि हे निवडणुकीच्या तोंडावर कळतं. तिसरी गोष्ट, तुम्ही कायमचे परत येणार का? पंच म्हणजे वाड्यावरचा, वस्तीतला माणूस. रात्री ११ वाजता कुणाच्या घरावर माड पडला तर दार तुमचंच वाजणार. मस्कतहून ते होत नाही. यातल्या एकाही गोष्टीचं उत्तर नकारार्थी असेल, तर फक्त वाचकांपुरतं वाचा आणि लिहीत राहा.

आता वाचक. माझ्या वडिलांची एक गोष्ट सांगतो. १९६७ च्या जानेवारीत गोव्यात जनमत कौल झाला तेव्हा मी आठनऊ वर्षांचा होतो. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की नाही, यावर मतदान. विलीनीकरणाला फूल आणि विरोधाला दोन पानं अशी चिन्हं होती. आमचं घर, आमचा वाडा, सगळे फुलाचे. त्या वेळी मडगावहून 'राष्ट्रमत' नावाचं मराठी दैनिक निघायचं आणि ते विलीनीकरणाच्या विरोधात होतं. त्यात उदय भेंब्रे 'ब्रह्मास्त्र' नावाचा स्तंभ लिहायचे. वडील म्हापशाला एका शिंप्याच्या दुकानात कामाला होते, तिथे तो अंक यायचा. वडील सगळ्यांत आधी 'ब्रह्मास्त्र' वाचायचे. रात्री जेवताना आईला त्यातली वाक्यं ऐकवायचे आणि भाषेचं तोंड भरून कौतुक करायचे. १६ जानेवारीला ते गेले आणि फुलावर शिक्का मारून आले. कौल विरोधात गेला, ३४ हजार मतांच्या फरकानं. वडील दोन दिवस नीट जेवले नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तो स्तंभ वाचायला घेतला.

वाचक म्हणजे काय हे मला त्यावरून कळलं. चांगलं वाचायला मिळतं म्हणून माणूस वाचतो. मत देताना तो आपलं घर, आपली जमीन, आपली जात, आपलं नातं, आपली भीती घेऊन जातो. ही दोन्ही माणसं एकाच अंगात राहतात आणि एकमेकांना विचारत नाहीत. भेंब्रे स्वतः पुढे आमदार झाले, मडगावातून, अपक्ष; पण ते १९८४ मध्ये, म्हणजे त्या स्तंभानंतर १७ वर्षांनी. मधली वर्षं त्यांनी वकिली केली, चळवळीत काढली.

तुमच्या वाचकांचं गणित आणखी वेगळं आहे. तुमच्या लेखाला दाद देणाऱ्यांत निम्मे तरी तुमच्यासारखेच बाहेर असणार: मस्कत, दुबई, कुवेत, पुणे, मुंबई. त्यांना तुमचा लेख म्हणजे काजूच्या हंगामाचा वास, पहाटे पाव विकायला येणाऱ्या पोदेराचा भोंगा. ती माणसं मनापासून वाचतात, पण त्यांची नावं तुमच्या प्रभागाच्या यादीत नाहीत. गावात राहणारे वाचक कमी झाले असतील तर त्याचं कारण मला तुमच्या लेखांतच दिसतं. तुम्ही पाठवलेले तिन्ही लेख मी वाचले. भाषा गोड आहे, माणसं ओळखीची आहेत. पण ते गाव तुम्ही सोडून गेलात तेव्हाचं आहे. मोपाचा विमानतळ ५ जानेवारी २०२३ ला सुरू झाला आणि त्याच्या आधीपासूनच आपला तालुका बदलायला लागला होता. आज तुमच्या वाड्यावर संध्याकाळी चार माणसं बसली की बोलणं टॅक्सीच्या परवान्यांचं, डोंगर कापण्याचं, कुणी किती चौरस मीटर विकली त्याचं. दिल्लीच्या माणसानं कुंपण घातलं आणि पायवाट बंद झाली, हे त्यांच्या पोटातलं दुखणं आहे. तुम्ही त्यांना दशावताराच्या काल्यातल्या पेट्रोमॅक्सची आठवण सांगता. त्यांना ती आवडते, पण दर रविवारी नाही.

हा दोष नाही. दूर राहणाऱ्याला गाव आठवणीतूनच लिहावं लागतं आणि ते लिहिणं मोलाचं आहे. फक्त त्या दादेवर निवडणुकीचा हिशेब मांडू नका.

मी तोच मांडला होता. २००२ साली आमच्या प्रहसनाचा प्रयोग जत्रेत झाला तेव्हा मांडवात ८०० तरी माणसं होती. माझ्या एका प्रवेशाला टाळ्या थांबेनात, समोरच्या नटाला वाक्य तीनदा घ्यावं लागलं. पुढच्या महिन्यात मी अर्ज भरला. प्रभागात ५४० मतदार होते. मला ८३ मतं पडली.

निकालानंतर आठवडाभर मी घराबाहेर पडलो नाही. मग छापखान्यात मतदारयादी पडली होती ती घेतली आणि पेन्सिलीनं एकेक नाव तपासत गेलो: हा माणूस त्या रात्री मांडवात होता का? ८०० प्रेक्षकांतले दीडशेसुद्धा माझ्या प्रभागातले निघाले नाहीत. बाकीचे शेजारच्या गावांतले, जत्रेला माहेरी आलेल्या लेकीसुना, सावंतवाडीकडचे पाहुणे, आणि मुलं. प्रभागातल्या दीडशेपैकी निम्म्यांनी मला मत दिलं नाही, आणि प्रत्येकाचं कारण मला ठाऊक होतं. एकाच्या घराला घरक्रमांक मिळवून देणारा माझा विरोधक होता. एकीच्या नवऱ्याला रात्री गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात नेलं तेव्हा गाडी त्याची होती. तिसऱ्याच्या मुंडकाराच्या (भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याच्या) हक्काच्या खटल्यात साक्षीला तो उभा राहिला होता. मी त्यांना दोन तास हसवलं होतं. त्यांचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही.

पुढची चार वर्षं मी एकच काम धरलं. आमच्या वाड्याला ओहोळ आडवा येतो. त्यावरचा साकव, म्हणजे छोटा पूल, मोडला होता आणि पावसात शाळेची मुलं माडाच्या खोडावरून पलीकडे जायची. मी प्रत्येक ग्रामसभेला गेलो. अर्ज दिले, पोच घेतली, पोच फाइलला लावली. कोणता कागद कुणाच्या टेबलावर अडतो ते शिकलो. सचिव कुठल्या दिवशी भेटतो, ठरावाच्या भाषेत काय लिहिलं की पुढच्या कार्यालयातून परत येतो, अंदाजपत्रक कोण करतो, सगळं. साकव २००६ च्या मे महिन्यात झाला. २००७ मध्ये मी ४१ मतांनी निवडून आलो. त्या प्रचारात मी एकही विनोद सांगितला नाही, सांगायची गरजच पडली नाही. लोक आपणहून म्हणायचे, 'साकवाचो मनीस.'

निवडून आल्यावर मात्र विनोदाशी माझी खरी गाठ पडली. तुम्ही हा प्रसंग नीट वाचा, कारण विनोदी माणसानं राजकारणात काय जपायचं हे मला त्या एका दुपारी समजलं.

२००९ चा मे महिना. कालवा फुटला होता, नळ पाच दिवस कोरडे. रविवारच्या ग्रामसभेला नेहमी पंचवीस-तीस माणसं येतात, त्या दिवशी दीडशे आली. बायका कळश्या घेऊन आल्या होत्या आणि त्या त्यांनी टेबलासमोर ओळीनं मांडल्या. खात्याचा एक कनिष्ठ अभियंता बोलावला होता. घामानं डबडबलेला तरुण मुलगा, हातातली वही सारखी उघडत होता आणि मिटत होता. लोक चिडले होते. खुर्च्या मागे सरकल्याचा आवाज झाला. सरपंचांनी मला खुणावलं, भाऊ, तुम्ही बोला.

मी उभा राहिलो आणि बोलायच्या आधीच चारजण हसले. मला पाहिलं की हसायचं ही त्यांची सवय होती. आणि समोर हशा दिसला की पुढचं वाक्य आपोआप येतं ही माझी सवय. मी म्हटलं, 'टँकर आणि नवरदेव, दोघांचीही वाट बघायची असते, आले की वाजतगाजतच येतात.' सभागृह कोसळलं. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. अभियंतासुद्धा हसला. त्याचे खांदे खाली आले, वही त्यानं पिशवीत टाकली. दहा मिनिटांनी 'लवकरात लवकर करतो' असं म्हणून तो गेला. कुणी त्याला तारीख विचारली नाही.

दारात एक म्हातारी कळशी उचलत होती. आमच्या शेजारची, मला लहानपणापासून पाहिलेली. ती मला म्हणाली, 'हांसय मागीर, पयलीं उदक हाड रे पुता.' हसव मागाहून, आधी पाणी आण.

त्या रात्री मला झोप आली नाही. दीडशे माणसांच्या रागानं त्या मुलाकडून तारीख वदवून घेतली असती. लेखी घेतली असती. पाच दिवसांच्या तहानेतून तो राग जमला होता आणि गावाजवळ तेवढंच एक हत्यार होतं. मी एका वाक्यात त्यातली हवा काढून टाकली. रंगमंचावर हेच आपलं काम असतं. प्रेक्षकाच्या मनावरचा ताण हलका करून त्याला घरी पाठवायचं. ग्रामसभेत ताण हलका झाला की खुर्चीवर बसलेला माणूस सुटतो आणि समोर उभा असलेला रिकामी कळशी घेऊन घरी जातो. दुसऱ्या दिवशी मी वीस माणसं घेऊन त्या कार्यालयात गेलो, संध्याकाळपर्यंत बसलो आणि तारीख घेऊन आलो. पाणी चौथ्या दिवशी आलं. पण तो एक दिवस माझ्यामुळे वाया गेला होता.

म्हणून तुमच्या चार मित्रांनी दिलेली उदाहरणं जरा जवळून बघू. वोलोदिमिर झेलेन्स्की एप्रिल २०१९ मध्ये ७३ टक्के मतांनी निवडून आले हे खरं. भ्रष्टाचारावर तावातावानं बोलणारा एक इतिहासाचा शिक्षक अचानक राष्ट्राध्यक्ष होतो, अशी भूमिका त्यांनी २०१५ पासून दूरचित्रवाणीवर केली आणि देशानं त्या शिक्षकाला मत दिलं असंही म्हणता येईल. पण त्यांच्यामागे 'क्वार्तल ९५' नावाची त्यांची स्वतःची निर्मितीसंस्था होती. लेखक, निर्माते, व्यवस्थापक अशी बरीच वर्षं एकत्र काम केलेली माणसं. निवडणूक लढवायला लागणारी संघटना त्यांच्याकडे वेगळ्या नावानं तयार होती. आणि आज जग त्यांना ज्यासाठी ओळखतं त्यात विनोद कुठे आहे? २५ फेब्रुवारी २०२२ च्या रात्री, रशियाचं सैन्य चालून येत असताना, त्यांनी कीव्हच्या रस्त्यावर सहकाऱ्यांसोबत उभं राहून मोबाइलवर स्वतःचं चित्रण केलं आणि सांगितलं, आम्ही इथेच आहोत. कॅमेऱ्यापलीकडच्या माणसाशी थेट कसं बोलायचं हे नटाचं कसब तेवढं कामी आलं. विनोद त्यांनी बाजूला ठेवला होता.

भगवंत मान यांचं उदाहरण आपल्याला जास्त जवळचं. २०१२ मध्ये ते विधानसभेला उभे राहिले आणि पडले. तेव्हा पंजाबात त्यांच्या ध्वनिफिती घराघरांत होत्या, दूरचित्रवाणीवर ते देशभर दिसले होते. २०१४ मध्ये संगरूरहून दोन लाखांहून अधिक मतांनी खासदार झाले, २०१७ मध्ये जलालाबादला विधानसभेत पुन्हा पडले, आणि २०२२ च्या मार्चमध्ये मुख्यमंत्री. पहिल्या पराभवापासून दहा वर्षं. आणि पुढे काय झालं तेही बघा. मुख्यमंत्री झाल्यावर त्यांनी सोडलेल्या त्याच संगरूरच्या जागेची पोटनिवडणूक तीन महिन्यांनी, जूनमध्ये झाली, ती त्यांचा पक्ष हरला. लोकांचं प्रेम हे असं आहे. प्रेम खरंच असतं, पण दर वेळी नव्यानं मागावं लागतं.

मला सगळ्यांत जवळचा वाटतो तो आइसलँडचा योन ग्नार. २०१० मध्ये रेक्याविक शहराच्या निवडणुकीत या विनोदवीरानं पक्ष काढला आणि प्राणिसंग्रहालयात ध्रुवीय अस्वल आणू, पोहण्याच्या तलावांवर फुकट टॉवेल देऊ अशी वचनं दिली. बँका बुडून दोन वर्षं झाली होती, लोक नेत्यांवर संतापले होते. १५ पैकी ६ जागा त्याला मिळाल्या आणि तो महापौर झाला. पण खुर्चीवर बसल्यावर समोर आली ती शहराला वीज आणि गरम पाणी पुरवणारी कर्जात बुडालेली कंपनी. दर वाढवावे लागले, माणसं कमी करावी लागली. फुकट टॉवेल म्हणून निवडून आलेल्या माणसानं लोकांचं बिल वाढवलं, आणि ते आवश्यक होतं म्हणून वाढवलं. चार वर्षं काम करून २०१४ मध्ये तो पुन्हा उभा राहिला नाही. मला त्या माणसाबद्दल फार आदर आहे.

उलट उदाहरण ग्वातेमालाचे जिमी मोरालेस. 'भ्रष्टही नाही, चोरही नाही' ही घोषणा घेऊन हे विनोदी नट २०१५ मध्ये प्रचंड मतांनी राष्ट्राध्यक्ष झाले. नंतर संयुक्त राष्ट्रांच्या पाठिंब्यानं चालणाऱ्या भ्रष्टाचारविरोधी आयोगानं त्यांच्याच प्रचाराच्या पैशांची चौकशी मागितली, तेव्हा त्यांनी त्या आयोगालाच देशाबाहेर काढायचं ठरवलं आणि २०१९ मध्ये त्याचं काम संपलं. 'मी त्यांच्यातला नाही' एवढंच सांगून आलेला माणूस त्यांच्यातला झाला की त्याच्याजवळ दुसरं काही उरत नाही. साकवासारखं एखादं काम हातात नसेल तर हे कुणाचंही होईल, पंचायतीतसुद्धा.

वाचकांचे कार्यकर्ते कसे होतात हे बघायचं असेल तर इटलीचे बेप्पे ग्रिल्लो बघा. २००५ पासून ते इंटरनेटवर नेमानं लिहायला लागले आणि लाखो लोक वाचायला लागले. पण त्यांनी वाचकांना सांगितलं, आपापल्या शहरात एकमेकांना भेटा. माणसं खरोखरच एका खोलीत बसायला लागली, पाण्याच्या, कचऱ्याच्या प्रश्नांवर कामं वाटून घ्यायला लागली, आणि २००९ मध्ये त्यातून पक्ष उभा राहिला. २०१३ च्या राष्ट्रीय निवडणुकीत त्याला चौथा हिस्सा मतं मिळाली. ग्रिल्लो स्वतः उभे राहिले नाहीत. त्या पक्षाचं पुढे काय झालं यावर पुष्कळ भांडता येईल, पण वाचणारा माणूस घरातून उठून कुठे तरी गेला की मगच काही घडतं, हे तिथे स्पष्ट दिसलं.

आपल्या गोव्यातही रंगमंचावरून सभागृहात गेलेली माणसं आहेत. तियात्रिस्त, म्हणजे कोंकणी तियात्र नाटकांचे कलावंत, तोमाझिन कार्दोझ कळंगुटचे आमदार झाले आणि विधानसभेचे सभापती झाले. विष्णू वाघ २०१२ मध्ये सांत आंद्रेतून निवडून आले, उपसभापती झाले. कवी, नाटककार, पत्रकार, आणि बोलायला उभे राहिले की सभा जिंकणारा माणूस. सत्ताधारी पक्षात असूनही ते सरकारला सुनवायचे, आणि त्याची किंमत त्यांना माहीत होती. त्यांचं अकाली जाणं मला अजून बोचतं. दुसरी वाटही आहे. १९७७ मध्ये पु. ल. देशपांडे प्रचारसभांतून बोलले, माणसं हजारोंनी आली, निकाल मनासारखा लागला आणि पु. ल. आपल्या कामाकडे परत गेले. स्वतः काही मागितलं नाही. ही वाटही तुम्हाला मोकळी आहे, आणि ती कमी दर्जाची नाही.

आणखी एक गोष्ट तुम्हाला कुणी सांगणार नाही म्हणून सांगतो. दशावतारात संकासूर आठवतो ना? काळा वेश, लाल जीभ. तो भटजीची चेष्टा करतो, समोर बसलेल्या गावच्या मानकऱ्यालाही सोडत नाही, आणि मानकरी हसतो. कारण संकासूर कुणाचाच नसतो. त्याला गावात काही नको असतं. मी पंच झाल्यावर पहिल्या वर्षी जत्रेत उभा राहिलो तेव्हा हशा बदललेला मला विंगेतूनच जाणवला. जो कंत्राटदार आयुष्यात कधी नाटकाला आला नव्हता तो पहिल्या रांगेत बसून माझ्या प्रत्येक वाक्याला मोठमोठ्यानं हसत होता. आणि ज्याचा बांधकामाचा दाखला मी अडवला होता तो मागे हाताची घडी घालून उभा होता. वाक्य तेच, मी तोच, पण त्या वाक्याचा मालक आता पंच होता. पाच वर्षांत मी एकही नवं प्रहसन लिहू शकलो नाही. गावातल्या ज्या गोष्टीवर लिहावं ती माझ्याच टेबलावरून गेलेली असायची. २०१२ मध्ये उभा राहिलो नाही त्याचं हेच कारण. मला लिहायचं होतं.

तुमचं तसं होईल असं नाही. माझ्यापेक्षा तुमच्यात निराळी ताकद असेल. पण रविवारच्या लेखावर तुमचा जीव आहे हे तुमच्या प्रश्नाच्या प्रत्येक ओळीत दिसतं, म्हणून ही किंमत आधीच सांगितली.

माझ्या मते आत्ता काय करावं ते सांगतो. पुढच्या सुट्टीत येताना ग्रामसभेचा रविवार बघून या. वर्षाला त्या मोजक्याच असतात, पंचायतीच्या फलकावर सूचना लागते, घरच्यांना फोटो काढून पाठवायला सांगा. सभेत मागे बसा, बोलू नका. कोण कोणत्या प्रश्नावर उभं राहतं, कुणाच्या बोलण्याला सचिव मान वर करून बघतो, ते वहीत लिहा. पायवाट बंद झाल्याचं गाऱ्हाणं असेल तर ती पायवाट चालून या, सर्वे नंबर काढा, जुना नकाशा बघा. मग त्यावर एक लेख लिहा, विनोदाशिवाय. आपल्या नेहमीच्या गटांत टाका. त्या लेखावर किती दाद आली हे मोजू नका. तो वाचून किती माणसं तुम्हाला फोन करतात, आणि त्यातली किती तुमच्याबरोबर पंचायतीत यायला तयार आहेत, एवढंच मोजा. दहा माणसं निघाली तरी तुमच्याकडे मी २००२ मध्ये ज्याला मुकलो होतो ते आहे. एकही निघाला नाही तर उभं राहू नका, लेख चालू ठेवा, आणि आठवणींच्या जोडीला आजचा गाव लेखात येऊ द्या. घरचा वाचक त्यानं परत येईल असं मला मनापासून वाटतं.

आणि त्याच्याही आधी, आज रात्रीच बसून करण्यासारखं एक काम आहे. निवडणूक कार्यालयाच्या संकेतस्थळावर तुमच्या भागाची मतदारयादी मिळते, ती उतरवून घ्या. गेल्या तीन महिन्यांत ज्यांनी तुमच्या लेखाला उत्तर दिलं त्यांची नावं एका कागदावर लिहा, आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून पेन्सिलीनं खुणा करा. किती खुणा झाल्या तो आकडा मला कळवा, मग पुढचं बोलू.